मोटारीचा ऑटो आणि टेबलावरचा संगणक

आमच्या विहिरीवर पत्र्याच्या पेटीत मोटारीचा स्टार्टर आहे आणि त्याच्या शेजारी, शेतकरी ज्याला नुसते ‘ऑटो’ म्हणतात, ते छोटे यंत्र बसवलेले आहे. तीनपैकी एक फेज गेला की ते मोटार बंद करते आणि तिन्ही फेज परत आले की थोडा वेळ थांबून मगच ती सुरू करते. परभणी जिल्ह्यात शेतीपंपाची वीज कधी दिवसाच्या पाळीत, तर कधी रात्रीच्या पाळीत येते. हा शहाणपणा नसता तर मोटार किती वेळा जळाली असती, कोण जाणे. घरातल्या संगणकाची किंमत या ऑटोच्या कितीतरी पट आहे, आणि त्याला विजेचे एवढेही कळत नाही.

गेल्या जूनमध्ये शेतकरी गटाचा हिशेब आटोपून मी संगणक बंद करायला गेलो, तेव्हा आभाळ भरून आले होते आणि वारा सुटला होता. पडद्यावर साधे ‘बंद करा’ उरलेच नव्हते. होते ते ‘अद्ययावत करून बंद करा’. नाइलाजाने तेच दाबले. लगेच ‘कृपया संगणक बंद करू नका’ अशी सूचना झळकली, जणू ते माझ्या हातात होते! सत्तावीस टक्क्यांवर आकडा अडला आणि वीज गेली. वीज गेल्यावर संगणक थोडा वेळ चालू ठेवणारा यूपीएस टीं-टीं करू लागला तसा मी खुर्चीतून उठलो. पुतण्या म्हणाला, “काका, एवढं कामून घाबरायलाव? होईल आपोआप.” आपोआप झाले ते इतकेच, की दहा मिनिटांनी पडदा काळा झाला आणि दुसऱ्या दिवशीची अख्खी सकाळ संगणकाने अर्धवट केलेले बदल मागे घेण्यात घालवली. संगणक चालवणारी ही प्रणाली कोणती, हे मुद्दामच सांगत नाही, कारण प्रश्न एकाच प्रणालीचा नाही.

अद्ययावत करताना होणाऱ्या या दुरुस्त्या नकोत, असे मात्र माझे म्हणणे नाही. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ नावाच्या घातक प्रोग्रामने जगभरातील संगणकांतल्या फायलींना कुलूप लावून खंडणी मागितली, तेव्हा त्यावरचा इलाज दोन महिने आधी, मार्चमध्येच उपलब्ध झालेला होता, ज्यांनी तो लावला नव्हता ते सापडले. औषध घ्यायलाच हवे, पण ते जेवण झाले की नाही हे पाहून द्यावे. यूपीएसला संगणकाशी जोडणारी केबल असेल तर वीज गेल्याचे त्याला कळते, पण बाजारातल्या स्वस्त यूपीएसला बहुधा ती नसते. मग निदान प्रणालीने सुरुवातीलाच विचारावे की ‘अर्धा तास लागेल, वीज टिकेल का?’ नवे रंग, गोल कोपरे आणि न मागितलेल्या बातम्या यांपेक्षा हा एक प्रश्न मला अधिक मोलाचा वाटेल.

दुसरी तक्रार लिपीची आहे, आणि ती मला जास्त टोचते. ‘शेतकऱ्यांची यादी’ या नावाची फाईल मी शोधली, तर संगणकाने ती नाहीच म्हणून सांगितले. फाईल तर समोर दिसत होती. बऱ्याच खटाटोपानंतर उलगडा झाला की मराठीतला तो कोयत्यासारखा वाकडा ‘र’ दोन तऱ्हांनी टंकता येतो: खाली टिंब असलेला ‘ऱ’ घेऊन त्याला हलन्त लावता येतो, किंवा साध्या ‘र’ला हलन्त लावून पुढे एक न दिसणारे जोडचिन्ह घालता येते. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण माझ्या संगणकाच्या लेखी ते दोन निरनिराळे शब्द आहेत. ‘ॲडव्हान्स’चेही तेच. ‘ॲ’ला युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकातल्या अक्षरांच्या जागतिक यादीत, स्वतंत्र जागा २००८ साली मिळाली, त्याआधीच्या फायलींत तो ‘अ’वर चंद्र बसवून केलेला असतो, त्यामुळे जुनी उचल शोधताना मी हा शब्द दोनदा लिहितो. शेतकऱ्याला, दुसऱ्याला, साऱ्यांना, तऱ्हेला; ज्या भाषेत हा ‘ऱ’ पावलोपावली येतो, तिच्यासाठी संगणकाने शोधताना दोन्ही रूपे एकच मानावीत, ही मागणी काही चैनीची नव्हे.

गटाचे जुने रजिस्टर अजून कपाटात आहे. ते तिघांच्या हातचे आहे आणि तिघांचाही ‘ऱ्या’ वेगवेगळ्या वळणाचा आहे. परवा संगणक रुसला तेव्हा आमच्या अध्यक्षांनी चष्मा कपाळावर सरकवला, बोटाला थुंकी लावून चार पाने उलटली आणि हवे ते नाव काढून दिले.