आमची वाटचाल: एका बाकड्यापासून

आमचं वर्कशॉप फॅब्रिकेशनचं. गेट, ग्रिल, जिन्यांचे कठडे. व्हीलचेअरचं काम आम्ही शोधायला गेलो नव्हतो. एकदा एक बाई तुटलेला पायठेवा घेऊन आल्या, तो वेल्ड करून दिला. मग त्यांच्या ओळखीचे, त्यांच्याही ओळखीचे, असं करत रोज दोन-तीन खुर्च्या यायला लागल्या. दुखणी बहुतेक किरकोळ. ब्रेक सैल, टायर पंक्चर, पुढच्या छोट्या चाकाच्या बेअरिंगमध्ये केस आणि दोरे गुंडाळलेले. अर्ध्या तासाचं काम. पण ज्याची खुर्चीच खोलून ठेवलीय, तो माणूस जाणार कुठे? तो बाकड्यावर बसायचा, शेजारी दुसरा. खुर्ची तयार झाली तरी कुणी हलायचं नाव काढेना. दाखल्याला कोणते कागद लागतात, कुठल्या इमारतीत लिफ्ट आहे, नोकरी कुठे निघालीय, सगळी चौकशी तिथेच. हळूहळू कुबड्यावाले आले, पांढरी काठीवाले आले. आमचं अपंगांचं केंद्र सुरू झालं ते असं. फीत वगैरे कापली नाही.

मागचं गोदाम रिकामं करून दिलं आणि मोठ्या हौसेने रॅम्प बांधला. जोतं दीड फूट, रॅम्प ६ फुटांचा. लोखंडात उभा जन्म गेलेला मी, विचारायचं कुणाला? पहिल्याच दिवशी एकाची खुर्ची अर्ध्या चढावर पुढून उचलली गेली. मी मागे होतो म्हणून निभावलं. खाली आल्यावर तो शांतपणे म्हणाला, "आधी विचारलं असतंत तर?" हिशेब सोपा असतो: १ फूट चढायला १२ फूट लांबी. म्हणजे १८ फूट हवेत आणि सरळ जागा ११. शेवटी रॅम्प काटकोनात वळवला, वळणावर ५ बाय ५ फूट सपाट ठेवलं. स्वच्छतागृहाचं दारही उलटं करून बाहेर उघडणारं केलं. आत कुणी पडलं तर आत उघडणारं दार त्याच्याच अंगाने अडतं, हे मला कुठे सुचलं होतं!

पुढे कळलं की अमेरिकेत बर्कलीला १९७२ साली एड रॉबर्ट्स आणि त्यांच्या सोबत्यांनी असं केंद्र उभं केलं, आणि चालवणारे स्वतः अपंगच. तिथेही व्हीलचेअर दुरुस्ती होतीच. वाचून बरं वाटलं, थोडी लाजही वाटली. कारण तोवर आमच्या केंद्राच्या किल्ल्या माझ्याच खिशात होत्या.

आता आमच्या केंद्राची समिती तिथे येणाऱ्या अपंगांचीच, किल्ल्या त्यांच्याकडे. आमच्याकडे फक्त दुरुस्ती. गेल्या महिन्यात समितीचं मलाच पत्र आलं: श्रवणयंत्र लावणाऱ्यांना ग्राइंडरचा आवाज सहन होत नाही, तरी ४ ते ६ तो बंद ठेवावा. ठेवतो. त्या वेळात पंक्चर काढतो.