तुम्ही विचारलंत म्हणून: बत्ताशाला का नाही सोडवत

लिफ्टमध्ये, ऑफिसात, परवा तर हळदीकुंकवालाही माझ्या सशाबद्दल, बत्ताशाबद्दल, तोच प्रश्न. "एवढा त्रास आहे त्याला, तर डॉक्टरांना इंजेक्शन द्यायला सांगून एकदाचं सोडवत का नाहीस गं?" विचारणाऱ्याच्या मनात माया असते, म्हणून आजवर गप्प बसले. आज सांगते.

दर सहा-सात आठवड्यांनी भूल देऊन त्याच्या दाढा घासतात, हे तुम्हाला ठाऊक आहे. मधले दिवस ठाऊक नाहीत. सशाचे दात जन्मभर वाढतात, पुढचे तर आठवड्याला २-३ मिलिमीटर. वरचे-खालचे नीट भिडले तर गवत चावताना झिजतात. बत्ताशाचे भिडत नाहीत. दाढांना टोकं येतात, ती जिभेत रुततात. मग तो काडी उचलतो, तोंडात धरतो आणि खाली ठेवतो. भूक असते त्याला. घासून आणलं की दोन दिवसांत जांभळी नाक्यावरून आणलेली दुर्वांची अख्खी जुडी संपवतो. तुम्ही फक्त हनुवटीची लाळ पाहिलीत.

आणि हो, चूक माझीही आहे. चपट्या तोंडाच्या सशांचा जबडा मुळातच आखूड असतो, असं डॉक्टर म्हणतात. पण पहिली दोन वर्षं मी त्याला वाटीभर पेलेट्स, म्हणजे दुकानातल्या खाद्याच्या कोरड्या गोळ्या, घातल्या, गवत नावापुरतं. पुढचे दात वाढले तेव्हा दुकानातल्या माणसाने ते नेलकटरने कापले. बत्ताशाला धरून मीच उभी होते. दात उभा चिरला.

गेल्या जुलैत एका रात्री त्याने खाणं सोडलं. सकाळी पिंजऱ्यात एक लेंडी नव्हती. सशाच्या पोटात दहा-बारा तास काही गेलं नाही तर आतडीच थांबू शकतात. धो धो पाऊस, ठाण्याहून नेरूळला जाणाऱ्या गाड्या रखडलेल्या, मांडीवर त्याची पेटी. पोचल्यावर त्याला लगेच आत नेलं. अर्ध्या तासाने डॉक्टर बाहेर आल्या. खालच्या जबड्यात गळू होतं. सशाचा पू टूथपेस्टसारखा घट्ट असतो, वाहून जात नाही. दाढ काढून हाड खरवडावं लागणार होतं. त्या म्हणाल्या, "आत्ता तो भुलीत आहे, त्याला काही कळत नाहीये. इथेच थांबवायचं असेल तर आत्ताच सांगा. तुम्हाला कोणी दोष देणार नाही."

रिकाम्या पेटीच्या जाळीत कोथिंबिरीचं एक पान अडकलं होतं. ते काढत बसले. ह्यांना फोन लावला, लागला नाही. "खाईल का तो?" "बहुतेक खाईल. पण परत परत यावं लागेल."

मी म्हटलं, उठवा त्याला.

पुढचे एकोणीस दिवस दर तीन तासांनी, रात्रीही, टॉवेलात गुंडाळून सिरिंजने कालवलेली पावडर भरवली. हे कुणाला सांगितलं नव्हतं, पण त्या दिवसांत मला बघितलं की तो कपाटामागे जाऊन बसायचा. एका पहाटे त्याला तिथून ओढून काढताना मी मोठ्याने म्हणाले, हे मी माझ्यासाठी करतेय. विसाव्या दिवशी त्याने माझ्या हातून दूर्वा खाल्ली आणि ते बोलणं मी खोटं ठरवलं. आता वाटतं, दूर्वेने काहीच सिद्ध झालं नव्हतं.

"मजेत तर दिसतो," असं मीच तुम्हाला सांगायचे. ससा दुखणं लपवतो. दिसण्यावर जाऊ नये, म्हणून रोज सकाळी त्याला स्वयंपाकघरातल्या काट्यावर बसवते. डॉक्टरांशी बोलून एक आकडा कॅलेंडरवर लिहिला आहे: १,१०० ग्रॅम. त्याखाली गेला की थांबायचं.

गेल्या महिन्यात काट्याने १,०९० दाखवलं. बॅटरी उतरली असेल म्हणून मी बदलली. आकडा तोच आला. मी डॉक्टरांना कळवलं नाही. चार दिवसांनी तो १,१३० झाला.

नेरूळची पुढची तारीख मंगळवारची आहे. त्या दिवशी ते १,०९० मी त्यांना सांगणार आहे. तोवर लिफ्टमध्ये भेटलात तर एवढंच विचारा, आज खाल्लं का त्याने.