संग्रहालयाच्या छपरावरची शर्यत: आर्हुसची ज्युनिअर क्रॉसकंट्री, आणि जाणाऱ्यांसाठी चार गोष्टी

२०२६च्या जानेवारीत अमेरिकेत टॅलाहासीला जागतिक क्रॉसकंट्री, म्हणजे ट्रॅक किंवा रस्ता सोडून गवत-चिखलातून धावायची जागतिक स्पर्धा, झाली, तेव्हापासून आमच्या धावणाऱ्या मंडळींत एकच प्रश्न फिरतोय: हे प्रत्यक्ष बघायला जाण्यासारखं असतं का? मॅरेथॉनसाठी लोक बर्लिनला जातात ते समजतं, पण चिखलात धावणारी पोरं बघायला व्हिसा काढायचा? मी २०१९ साली डेन्मार्कमधल्या आर्हुसची स्पर्धा बघितली आहे. तेवढ्या भांडवलावर सांगतो, जरूर जा. आणि गेलात तर २० वर्षांखालच्या मुलांची शर्यत चुकवू नका. मोठ्यांची एक वेळ चुकली तरी चालेल.

शर्यतीचा दिवस होता शनिवार, ३० मार्च. माझा मावसभाऊ तिथे पवनचक्क्यांच्या व्यवसायात आहे. व्हेस्टास या पवनचक्क्या बनवणाऱ्या कंपनीचं मुख्यालयच आर्हुसला असल्यामुळे या धंद्यातली भारतीय मंडळी गावात बरीच, त्यात मराठीही सापडतात. राहण्याची सोय त्याच्याकडे झाली. ती नसती तर डेन्मार्कचे हॉटेलांचे दर बघून मी घरीच बसलो असतो. निघताना वहिनींनी बजावलं, "भाऊजी, ऊन दिसतंय म्हणून फसू नका, कानटोपी घ्या." ऐकलं ते बरं केलं. ऊन होतं, पण वाऱ्याला त्याचं काही पडलेलं नव्हतं.

मैदान होतं शहराच्या दक्षिणेला, मोसगोर संग्रहालयाच्या आवारात. ही इमारत २०१४ साली उघडली. तिचं छप्पर म्हणजे जमिनीतून वर उचलल्यासारखा गवताचा एक मोठा उतार, एका टोकाला जमिनीला टेकलेला. शर्यत या छपरावरून नेली होती. साधारण दोन किलोमीटरचा फेरा आणि प्रत्येक फेऱ्यात छपराचा चढ, सुमारे दहा टक्क्यांचा. ज्युनिअर मुलांना आठ किलोमीटर, म्हणजे चार वेळा छप्पर. शिवाय मुद्दाम तयार केलेले चिखलाचे, वाळूचे आणि पाण्याचे टप्पे. दहा टक्के हा आकडा कागदावर किरकोळ वाटतो. साताऱ्याच्या हिल मॅरेथॉनमध्ये यवतेश्वरचा घाट चढलेल्यांनी मनात तो घाट आणावा, त्यातला डांबरी रस्ता काढून टाकावा, खाली ओलं गवत घालावं आणि पुढचा माणूस किलोमीटरला तीन मिनिटांनी पळतोय असं धरून चालावं.

या शर्यतीची एक खुबी आधी सांगायला हवी, नाहीतर निम्मी मजा हुकते. सुरुवातीच्या रुंद रेषेवर प्रत्येक देशाला आपापला खण असतो. तिथून सगळे एकदम सुटतात आणि पहिल्या वळणापर्यंत जागा मिळवण्यासाठी ढकलाढकली चालते. एका देशाची जास्तीत जास्त सहा मुलं धावतात आणि त्यातल्या पहिल्या चौघांच्या क्रमांकांची बेरीज होते. बेरीज सगळ्यांत कमी, तो संघ पहिला. म्हणजे पुढे कोण आहे एवढंच बघत बसलात तर तुम्ही अर्धीच शर्यत बघितलीत. प्रत्येक संघाचा चौथा मुलगा कुठे आहे ते बघा. पदक बहुतेक वेळा त्याच्या पायावर ठरतं. हे मला शेजारी उभ्या असलेल्या एका डॅनिश आजोबांनी समजावलं. ते वहीत पेन्सिलीने क्रमांक टिपत होते आणि त्यांचं गणित फलकापेक्षा लवकर होत होतं.

त्या दिवशी ज्युनिअर मुलांत सगळ्यांच्या नजरा नॉर्वेच्या याकोब इंगेब्रिग्त्सेनवर होत्या. आदल्या ऑगस्टमध्ये, सतराव्या वर्षी, त्याने बर्लिनच्या युरोपीय स्पर्धेत मोठ्यांमध्ये १५०० आणि ५००० मीटर अशी दोन सुवर्णपदकं घेतली होती. नॉर्वे तर शेजारीच, त्यामुळे त्याच्या नावाचा गलका आमच्या भागात सारखा चालू. तो आला बारावा. युरोपीयांमध्ये पहिला, पण बारावा! ट्रॅकवर मोठ्यांना हरवणारा मुलगा इथे स्वतःच्या वयाच्या पोरांमध्ये अकरा जणांच्या मागे. पूर्व आफ्रिकेतली ही मुलं काय ताकदीची असतात हे कुठल्याही लेखापेक्षा त्या छपराच्या कडेला उभं राहून जास्त कळलं. चढावर त्यांचे खांदे हलतच नव्हते. मागून येणारी बाकी देशांची मुलं मात्र शेवटच्या फेऱ्यात हात गुडघ्यांवर टेकायच्या बेतात होती.

शेवट अगदी चुरशीचा झाला. इथिओपियाचा मिल्केसा मेंगेशा २३:५२, त्याचाच देशबंधू तादेसे वोर्कू २३:५४, युगांडाचा ऑस्कर चेलिमो २३:५५. आठ किलोमीटरनंतर तिघांत मिळून तीन सेकंदं. त्यातलं एकही नाव तेव्हा मला माहीत नव्हतं. हाच मेंगेशा पुढे २०२४ची बर्लिन मॅरेथॉन २:०३:१७ मध्ये जिंकला आणि चेलिमोला २०२२च्या जागतिक स्पर्धेत ५००० मीटरचं कांस्य मिळालं. त्याआधी झालेल्या ज्युनिअर मुलींच्या शर्यतीत तर पहिल्या तिघींची वेळ एकच लागली, २०:५०. आधी इथिओपियाची आलेमितू तारिकू जिंकली असं वाटलं, तिने आनंदही साजरा केला, आणि मग फोटो बघून केनियाच्या बिॲट्रिस चेबेटला सुवर्ण दिलं गेलं. पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५००० आणि १०,००० अशी दोन्ही सुवर्णं घेणारी चेबेट ती हीच. म्हणून म्हणतो, ज्युनिअर शर्यत बघा. पुढे ज्यांच्यासाठी टीव्हीसमोर पहाटे उठाल ती माणसं इथे दोन हातांवरून जातात, आणि मध्ये फक्त एक दोरी असते.

मोठ्यांचं थोडक्यात. २०१७ साली याच स्पर्धेत, कंपालात घरच्या प्रेक्षकांसमोर शेवटच्या फेऱ्यात कोलमडलेला युगांडाचा जोशुआ चेप्टेगाय इथे जिंकला, स्त्रियांमध्ये हेलन ओबिरी. दोन्ही शर्यती उत्तम. पण तोवर माझे पाय इतके गारठले होते की मी त्या कॉफीच्या रांगेतून मान उंचावून बघितल्या.

आता जाणाऱ्यांसाठी. पुढची जागतिक क्रॉसकंट्री कुठेही असो, मैदान बहुधा गावाबाहेर असतं आणि उभं राहून बघायचं असतं. घोट्यापर्यंतचे, चिखल चालेल असे बूट घाला, पांढरे स्पोर्ट्स शूज घरी ठेवा. एकाच जागी खिळून राहू नका. फेरा छोटा असल्याने चढ, चिखल आणि शेवटचं वळण अशा तीन जागा एका शर्यतीत फिरून होतात. माझ्या मते चढाचा माथा सगळ्यांत चांगला, कारण दमलेला माणूस तिथे लपत नाही. सुरुवात आणि शेवट दोन्ही बघायचा अट्टहास केलात तर मधली शर्यत हुकते. हौशी लोकांसाठी त्याच मार्गावर धावायची सोय असेल तर नाव नक्की द्या. आर्हुसला ती होती, आणि पोट सुटलेली माणसंही त्या छपरावर चढत होती.

आर्हुसला आजही कधीही जाता येईल. छपरावर चालायला किंवा पळायला तिकीट लागत नाही, संग्रहालयाच्या आतलं तिकीट मात्र काढा. दलदलीत सापडलेला, दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वीचा ग्राउबॅले माणूस तिथे ठेवला आहे, अगदी केसांसकट. शहरातून १८ नंबरची बस मोसगोरला जाते. सोमवारचा बेत असेल तर उघडं आहे का ते आधी तपासा. संग्रहालयापासून जंगलातून समुद्रापर्यंत पायवाट आहे. पळणाऱ्यांनी ती सोडू नये. छपरावरून पळायचं असेल तर पाऊस पडून गेल्यावर गुळगुळीत तळव्यांचे रस्त्यावरचे बूट घालू नका. चढताना काही वाटत नाही, उतरताना पाय निसटतो.

शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. भारतातून जाताना कोपनहेगनला उतरा. विमानतळावरच रेल्वे स्टेशन आहे आणि आर्हुस तिथून साधारण तीन-साडेतीन तासांवर. डॅनिश रेल्वेची 'ऑरेंज' तिकिटं आधी काढली तर बरीच स्वस्त पडतात, पण ती त्याच गाडीला बांधलेली असतात. नोटा फारशा नेऊ नका, कार्डावर सगळं होतं. शाकाहारी असाल तर मैदानावरच्या गाड्यांवर बटाटे आणि पाव यांपलीकडे फार आशा ठेवू नका, डबा न्या. आम्ही थालीपीठं नेली होती. शहराच्या पश्चिमेला बाझार वेस्ट नावाचा बाजार आहे, तिथे कोथिंबीर, मिरच्या, डाळी सगळं मिळतं.

एक शेवटचं, मार्चअखेरीस युरोपात असाल तर. महिन्याच्या शेवटच्या रविवारी पहाटे दोनला घड्याळं एक तास पुढे जातात. आमची शर्यत नेमकी आदल्या दिवशी होती. फोन आपोआप बदलतो, मनगटावरचं साधं घड्याळ बदलत नाही, आणि ऑरेंज तिकिटाची गाडी तुमच्यासाठी थांबत नाही.