तेल सुटलेली चटणी

परवा भर दुपारी, बाहेर सोलापूरचे ऊन मी म्हणत असताना, भाची जर्मनीला जाण्यासाठी सामान बांधत होती. तिच्या आईने दिलेल्या शेंगाचटणीच्या पुड्यावर तेलाचा डाग हळूहळू पसरत होता. "मामा, ही पातळात मोडते का हो?" तिने विचारले.

विमानात हाताशी ठेवायच्या बॅगेत पातळ पदार्थाचे प्रत्येक भांडे १०० मिलीलीटरपर्यंतचेच असावे आणि अशी सगळी भांडी एक लीटरच्या पारदर्शक पिशवीत मावावीत, हे परदेशी जाणाऱ्या घरांत आता पाठ झाले आहे. पण टूथपेस्ट, जेल, जॅम हेही त्यातच धरतात आणि अमेरिकेत तर पीनट बटरही धरतात, हे कळल्यावर आमच्या चटणीची मला काळजी वाटू लागली. उखळात तेल सुटेपर्यंत कुटली नाही, तर तिला इथे चटणी म्हणतो कोण? शेवटी ती मोठ्या बॅगेत, दोन पिशव्यांत गुंडाळून, चादरीच्या घडीत गेली.

या नियमाचा मला आवडणारा भाग असा की तो भांडे पाहतो, आतला माल नव्हे. २०० मिलीलीटरच्या बाटलीत तळाशी चमचाभर खोबरेल उरले असले तरी ती बाटली बाद. हे ऐकून चिडणारे पुष्कळ आहेत. मला मात्र रांगेत उभे राहून 'थोडेसेच आहे हो' अशी घासाघीस करायची सोय न ठेवणारा नियम शहाणा वाटतो.

आमच्या आजीला तो मुळीच पटला नसता. सिद्धेश्वर एक्सप्रेसने मुंबईच्या काकांकडे जाताना ती तुपाची बरणी न्यायची. झाकणाखाली प्लास्टिकचा कागद, त्यावरून सुतळीचे चार वेढे, मग जुन्या धोतराचा तुकडा आणि हे सगळे स्टीलच्या डब्यात. वडील डबा बाकाखाली ठेवायला सांगत, तर ती कुर्डुवाडी मागे पडली तरी तो मांडीवरच धरून बसलेली असे. "सांडलं तर माझ्या अंगावर सांडू दे," एवढेच तिचे म्हणणे.

आता एडिनबरासारख्या काही विमानतळांवर नवी स्कॅनर यंत्रे आली आहेत आणि तिथे दोन लीटरपर्यंतची बाटली चालते. मात्र वाटेत विमान बदलायचे असेल तर तिथल्या नियमाचीही चौकशी करावी लागते. हे सगळे सुरू झाले ऑगस्ट २००६ मध्ये, शीतपेयांच्या बाटल्यांतून द्रव स्फोटके नेऊन अटलांटिकवरची विमाने उडवण्याचा कट लंडनमध्ये उघडकीस आला तेव्हा. त्या पहिल्या दिवसांत ब्रिटनच्या विमानतळांवर तान्ह्या बाळाचे दूध विमानात नेण्याआधी आईबापांना ते तपासनिसांसमोर चाखून दाखवावे लागे. चटणीची थट्टा मी कितीही करीन, पण बाटली तोंडाला लावणाऱ्या त्या आईची थट्टा करवत नाही, आणि तिला चाखायला लावणाऱ्या तपासनिसाचीही नाही.