मध्यंतरापर्यंतचा अहवाल

१४ मार्च २०२४. महापे एमआयडीसीतल्या आमच्या कार्यालयात मध्यरात्रीचे पावणेदोन वाजून गेले होते, इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या बोर्नमथमध्ये मात्र १३ मार्चची रात्र अजून सरलेली नव्हती, आणि तिथल्या मैदानावर मध्यंतराचा गुणफलक सांगत होता : बोर्नमथ ०, लुटन टाऊन ३. माझ्या दुसऱ्या स्क्रीनवर एक अहवाल उघडा होता. त्या हंगामात बढती मिळवून प्रीमियर लीगमध्ये, म्हणजे इंग्लिश फुटबॉलच्या अव्वल श्रेणीत, आलेल्या तीन संघांपैकी कोण टिकेल आणि कोण पुन्हा खालच्या श्रेणीत जाईल, याविषयीचा तो अहवाल सकाळी सहाच्या आत ग्राहकाकडे पोहोचवायचा होता. बर्नली आणि शेफील्ड युनायटेड पार मागे पडले होते, त्यामुळे त्यांच्याविषयीचा मजकूर आधीच लिहून झाला होता. राहिला होता फक्त लुटन. मध्यंतराच्या त्या पंधरा मिनिटांत मी त्यांच्या परिच्छेदाचे शेवटचे वाक्य लिहिले : 'लुटन टिकण्याची शक्यता आता निम्म्याहून अधिक आहे.'

आमचे काम काय, हे घरच्यांनाही अनेकदा समजावून सांगावे लागते. सामना सुरू असताना एका संघाच्या पायात चेंडू गेला की पास, फटका, अडवणूक, क्लिअरन्स (आपल्या गोलाजवळून चेंडू दूर लाथाडणे) अशी प्रत्येक गोष्ट ठरावीक कळ दाबून आणि पडद्यावरच्या मैदानात जागा दाखवून नोंदवायची. एक जण एका संघाची नोंद करतो, शेजारचा दुसऱ्या संघाची. त्या रात्री लुटन माझ्याकडे होते आणि बोर्नमथ आमच्या कोल्हापूरच्या सहकाऱ्याकडे. वयाने आणि अनुभवाने तो मोठा असल्यामुळे आम्ही सगळे त्याला दादाच म्हणतो. शाहू स्टेडियमवर तालमींच्या संघांचे सामने बघत तो वाढला. कोणाची दमछाक झाली आहे, हे त्याला आकड्यांच्या आधी कळते, असा माझा अनुभव आहे. माझे वाक्य वाचून तो म्हणाला, "एवढ्यात पाठवू नकोस. शनिवारी ह्याच मैदानावर शेफील्ड दोन गोलांनी पुढं होतं. काय झालं शेवटी?" सामना २–२ असा बरोबरीत सुटला होता. तरीही मी ते वाक्य खोडले नाही.

न खोडण्याचे खरे कारण सांगायला हवे. लुटन टिकावे असे मला मनापासून वाटत होते. २००८-०९च्या हंगामात आर्थिक कारणांवरून या क्लबचे एकूण ३० गुण कापले गेले आणि तो चौथ्या श्रेणीतूनही खाली, पाचव्या श्रेणीत गेला. तिथे पाच हंगाम काढून २०१४ मध्ये तो वर चढला आणि मे २०२३ मध्ये वेम्बलीवर बढतीसाठीच्या प्ले-ऑफच्या अंतिम सामन्यात कॉव्हेंट्रीला पेनल्टी शूटआऊटमध्ये हरवून अव्वल श्रेणीत पोहोचला. त्यांच्या केनिलवर्थ रोड मैदानात जेमतेम १२ हजार प्रेक्षक मावतात. पाहुण्या संघाच्या पाठीराख्यांना तिथे घरांच्या रांगेखालून काढलेल्या वाटेने आत जावे लागते. अव्वल श्रेणीसाठी मैदानाची डागडुजी वेळेत न झाल्यामुळे बर्नलीविरुद्धचा घरचा पहिला सामनाच पुढे ढकलावा लागला होता. अशा क्लबाच्या नोंदी आठवड्यामागून आठवडे करत राहिले की तटस्थता टिकवणे अवघड जाते. ती टिकवायलाच हवी, हे मला मान्य आहे.

शिवाय हा सामना दुसऱ्यांदा खेळवला जात होता, आणि पहिल्या वेळीही लुटनच्या नोंदी मीच करत होते. १६ डिसेंबर २०२३ला आपल्याकडे रात्री साडेआठला तो सुरू झाला. तिसऱ्या मिनिटाला अदेबायोने लुटनला आघाडी मिळवून दिली, ५८व्या मिनिटाला बोर्नमथच्या सोलांकीने बरोबरी साधली आणि त्यानंतर मिनिटभरातच लुटनचा कर्णधार टॉम लॉकियर मैदानावर कोसळला. त्याच्या आसपास चेंडूही नव्हता आणि प्रतिस्पर्धीही नव्हता. प्रशिक्षक रॉब एडवर्ड्स धावत आत शिरले तेव्हा हा प्रकार साध्या दुखापतीचा नाही हे आमच्या ध्यानात आले. माझी बोटे कळफलकावर तशीच थांबली होती, कारण त्या क्षणासाठी आमच्याकडे कळच नव्हती. 'खेळ थांबला' एवढेच मी नोंदवले. लॉकियरचे हृदय बंद पडले होते आणि मैदानावरच्या वैद्यकीय पथकाने त्याला वाचवले, हे नंतर कळले. सामना रद्द होऊन पुन्हा पहिल्यापासून खेळवण्याचे ठरले. दोन्ही गोल पुसले गेले आणि माझी ५९ मिनिटांची फाइल 'रद्द' असा शेरा मारून बाजूला ठेवली गेली.

मधल्या तीन महिन्यांत लुटनने जे केले, त्यामुळेच तो अहवाल लिहिणे कठीण झाले होते. जानेवारीच्या अखेरीस त्यांनी ब्रायटनला ४–० असे हरवले. त्यात अदेबायोचे तीन गोल होते. चारच दिवसांनी न्यूकॅसलच्या मैदानावर ४–४ अशी बरोबरी झाली. पण मोठ्या संघांविरुद्धचे त्यांचे सामने मी ओळीने मांडले तेव्हा एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येत होती. लिव्हरपूलविरुद्ध घरच्या मैदानावर आघाडी, आणि भरपाई वेळेत बरोबरीचा गोल. आर्सेनलविरुद्ध ३–३ असताना अगदी शेवटच्या क्षणी पराभव. मँचेस्टर सिटीविरुद्ध मध्यंतराला १–० आघाडी, शेवटी १–२. फेब्रुवारीत लिव्हरपूलच्या मैदानावर मध्यंतराला पुन्हा १–० आघाडी, शेवटी १–४. मार्चच्या सुरुवातीला ॲस्टन व्हिलाविरुद्ध दोन गोलांची पिछाडी भरून काढली, आणि सामना संपता संपता तिसरा गोल खाल्ला. हे सगळे माझ्या अहवालात होते, पण मी त्याला 'झुंजार वृत्ती' असे शीर्षक दिले होते. तीच माझी चूक होती.

दोन वाजून पाच मिनिटांच्या सुमारास उत्तरार्ध सुरू झाला. चाँग, ओग्बेने आणि बार्कली यांचे पूर्वार्धातले गोल मी नोंदवले तेव्हा लुटनचे खेळाडू मैदानभर माणसामागे माणूस लावून धावत होते, आणि पासच्या कळीवरून माझे बोट क्वचितच हलत होते. आता ते सारखे क्लिअरन्सच्या कळीकडे जाऊ लागले. नोंदी करणाऱ्याला सामना आधी बोटांत कळतो. चेंडू बाहेर लाथाडला जातो, चार-पाच सेकंदांत परत येतो, पुन्हा लाथाडला जातो, आणि पडद्यावरच्या मैदानात आपण दाखवत असलेल्या जागा हळूहळू स्वतःच्या गोलाकडे सरकत जातात. ५०व्या मिनिटाला सोलांकीने पहिला गोल केला. दादा स्वतःची नोंद पुरी करून माझ्या पडद्याकडे वळला आणि एवढेच म्हणाला, "दमलेत गं. पडलेला माणूस उठायला किती वेळ लावतोय बघ."

लॉकियर डिसेंबरपासून नव्हताच. बचावफळीतले आणखी काही जण दुखापतींमुळे बाहेर होते, आणि ज्याच्या गोलांवर हिवाळा निभावला तो अदेबायोही जायबंदी होता. जे उभे होते त्यांच्या हिमतीत तसूभरही कमतरता नव्हती, आणि हे मी त्यांची प्रत्येक हालचाल पाहून लिहिते आहे. ६२व्या मिनिटाला झाबार्नीने दुसरा गोल केला, ६४व्या मिनिटाला सेमेन्योने तिसरा. ३–३. त्यानंतरची एकोणीस मिनिटे मी केवळ सवयीने कळा दाबत राहिले. ८३व्या मिनिटाला सेमेन्योनेच चौथा गोल केला. सामना संपला तेव्हा तीन वाजत आले होते, आणि आमच्या मजल्यावर पंख्यांचा तेवढा आवाज येत होता.

लुटन जिंकले असते तर २४ गुणांसह, खाली जाणाऱ्या तीन जागांच्या लगेच वर असलेल्या नॉटिंगहॅम फॉरेस्टच्या बरोबरीला आले असते. आता ते २१वरच थांबले होते. पण मला अहवाल बदलायला लावणारी गोष्ट वेगळीच होती, आणि ती दादाने सहज बोलता बोलता काढली. बोर्नमथच्या गोलांची फेरतपासणी करताना तो म्हणाला, "झाबार्नी न् सेमेन्यो, दोघंबी एकाच जानेवारीत आणलेली पोरं. हे नवीन आलते ना वर, त्याच वर्षी."

मी तपासले. बोर्नमथ २०२२ मध्ये बढती मिळवून आलेला संघ. त्यांचेही मैदान लुटनइतकेच, ११ हजारांच्या आसपास प्रेक्षकांचे. पहिल्याच महिन्यात ते लिव्हरपूलकडून ०–९ असे हरले आणि प्रशिक्षकाला घरी पाठवले गेले. तो संघ नक्की खाली जाणार, असे तेव्हा बहुतेकांनी लिहिले होते. डिसेंबर २०२२ मध्ये क्लबाची मालकी बदलली, पाठोपाठ जानेवारीत डायनामो कीव्हकडून झाबार्नी आणि ब्रिस्टल सिटीकडून सेमेन्यो आला. संघ ३९ गुणांवर टिकला. म्हणजे त्या रात्री लुटनवर झालेल्या चार गोलांपैकी तीन अशा दोन खेळाडूंनी केले होते, ज्यांना एका बढती मिळालेल्या संघाने आपल्या पहिल्याच हंगामाच्या मध्यावर, टिकण्यासाठी आणले होते. टिकलेला संघ खाली जाऊ घातलेल्या संघाला हरवत होता, आणि दोघांमध्ये अंतर होते ते अवघ्या एका वर्षाचे.

अशा अहवालांत ४० गुणांचा दाखला नेहमी दिला जातो : ३८ सामन्यांत ४० गुण केले की संघ वाचला. मीही तो पहिल्या परिच्छेदात दिला होता. पण १९९७-९८ मध्ये बढती मिळालेला बोल्टन ४० गुण मिळवूनही गोलफरकावर खाली गेला, २००२-०३ मध्ये वेस्ट हॅम ४२ गुणांवर गेला, आणि २००४-०५ मध्ये नव्याने वर आलेला वेस्ट ब्रॉम नाताळात तळाला असूनही ३४ गुणांवर टिकला. तो आकडा किती हवे एवढेच सांगतो. ६०व्या मिनिटानंतर ते कोण मिळवणार, हे तो सांगत नाही. खालच्या श्रेणीत संघ ४६ सामन्यांत मिळून जी लय पकडतो ती अकरा-बारा जणांच्या जिवावर पकडता येते, कारण तिथे थकलेल्या क्षणाची एखादी चूक प्रतिस्पर्धी माफ करतो. वर ती माफ होत नाही. म्हणून बढती मिळालेल्या संघाचे भवितव्य पाहताना मी आता आधी हे पाहते, की पहिल्या अकरांतले तिघे-चौघे जायबंदी झाल्यावर बाकावरून उठून येणारा माणूस त्याच ताकदीचा आहे का, आणि नसेल तर जानेवारीच्या खरेदीत क्लबाने त्याची सोय केली का.

नुसता पैसा ओतूनही हे साधत नाही. त्याच हंगामात बर्नलीने खरेदीत हात आखडता घेतला नव्हता, तरी त्यांचा शेवट २४ गुणांवर झाला. फॉरेस्टने २०२२च्या उन्हाळ्यात वीसहून अधिक खेळाडू आणले आणि ते टिकले, पण तोट्याची ठरलेली मर्यादा ओलांडल्याबद्दल त्या सामन्यानंतर पाचच दिवसांनी त्यांचे चार गुण कापले गेले. लुटनने जपून खर्च केला याचा मला रागही येत नाही. ज्या क्लबाने एकदा हिशेबापायी ३० गुण आणि पाच वर्षे गमावली, त्याने कर्ज काढून बचावपटू आणावेत, असे महाप्यात बसून मी कोणत्या तोंडाने सांगू? त्यांनी काय निवडले आणि त्याची किंमत काय, एवढेच मी लिहू शकत होते. तेही मध्यंतरापर्यंत माझ्या अहवालात नव्हते.

मी लुटनचा परिच्छेद पुसून नव्याने लिहिला. 'झुंजार वृत्ती' हे शीर्षक काढून तिथे 'आघाडी राखण्याची क्षमता' असे लिहिले आणि त्याखाली ते सगळे सामने मध्यंतराच्या आणि अखेरच्या गुणफलकासह मांडले. शेवटच्या वाक्यात शक्यता निम्म्याच्या बरीच खाली आणली. दादाने ते वाचून मान हलवली आणि प्लास्टिकच्या कपातला गार झालेला चहा माझ्याकडे सरकवला. अहवाल पावणेसहाला गेला. गाडी रबाळे, ऐरोली, दिघा ओलांडून कळव्याच्या पुलावर आली तेव्हा उजाडू लागले होते. लुटन हरले म्हणून दुःख होत होते आणि अहवाल वेळेत सुधारला म्हणून बरे वाटत होते. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी मनात घेऊन मी घरी गेले.

१९ मे २०२४ला फुलहॅमविरुद्ध २–४ असे हरून लुटनचा हंगाम २६ गुणांवर संपला. चार गुण कापले जाऊनही फॉरेस्ट ३२ गुणांवर टिकले, आणि बढती मिळालेले तिन्ही संघ खाली गेले. पुढच्या हंगामात लेस्टर, इप्सविच आणि साउदम्प्टन यांच्या बाबतीतही तेच घडले. त्यांचा अहवाल लिहायला घेतला तेव्हा नमुना म्हणून मी जुन्या सामन्याचे फोल्डर उघडले. बोर्नमथ विरुद्ध लुटन या नावाच्या तिथे दोन फाइली आहेत. रद्द झालेल्या पहिल्या फाइलीत लुटनच्या बचावफळीतल्या नोंदींत टॉम लॉकियरचे नाव ५९व्या मिनिटापर्यंत ठिकठिकाणी येते. दुसरी फाइल पूर्ण सामन्याची आहे, आणि तिच्यात ते नाव एकदाही नाही.