तुम्ही विचारलंत म्हणून: इतक्या वर्षांनी कुठलं जहाज करायला घेऊ?

"कॉलेजात असताना लाकडी जहाजांची मॉडेलं करायचो, मग सुटलं. आता वेळ आहे. कुठलं किट घेऊ?" दर महिन्या-दोन महिन्यांनी मला हे कुणीतरी विचारतंच. विचारणाऱ्याच्या मनात एक नाव बहुतेक वेळा ठरलेलंही असतं. व्हिक्टरी. ट्रॅफल्गारच्या लढाईतलं नेल्सनचं जहाज, तीन डोलकाठ्या, शंभर तोफा.

माझंही असंच झालं होतं. अठरा वर्षांनी परत बसलो आणि पहिलंच किट आणलं ते तीन डोलकाठ्यांचं. खोका उघडल्यावर आलेला लाकडाचा वास अजून आठवतो. दोन वर्षांत सांगाडा उभा राहिला, त्यावर एका बाजूच्या लाकडी पट्ट्या, म्हणजे जहाजाचं बाहेरचं अंग, बसल्या आणि काम थांबलं ते थांबलंच. आज ते माळ्यावर आहे. म्हणून अगदी कळकळीनं सांगतो, परतताना एका डोलकाठीचं, नाहीतर साधी होडीच घ्या. आणि ती मोठ्या स्केलची घ्या.

खोक्यावरची लांबी सगळे बघतात, घरात ठेवायचं कुठे म्हणून. स्केलकडे, म्हणजे मॉडेल खऱ्या जहाजाच्या कितपट लहान आहे त्याकडे, फारसं कुणी बघत नाही. खऱ्या जहाजावरची 20 सेंटिमीटरची कप्पी 1:100 च्या मॉडेलवर 2 मिलिमीटरची होते, आणि तिच्या भोकातून दोरा ओवायचा असतो. 1:24 वर तीच कप्पी 8 मिलिमीटरची. विशीत ट्यूबलाइटखाली जे सहज जमायचं, त्याला आता चाळिशीचा चष्मा, वर भिंग आणि मध्येमध्ये डोळे मिटून बसणं लागतं. शिवाय मोठ्या जहाजावर डोलकाठीकडे चढणाऱ्या त्या दोरीच्या शिड्या असतात. एकेका पायरीला पाच-सहा गाठी, अशा किती पायऱ्या ते मोजून बघा. दोन-चार वर्षं सलग बसणारा माणूस ते करतो. पण आपण तसं बसू शकतो का, हे परतलेल्या माणसाला पहिल्या वर्षी माहीत नसतं.

दुसरी गोष्ट नाळेची, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाची. किटचा फोटो बघताना शिडं बघू नका, नाळ बघा. ती निमुळती असेल तर पट्ट्या अलगद वळतात. फुगीर, गालफडासारखी असेल तर पट्टीला एकाच वेळी वाकायचंही असतं आणि पिळही घ्यायचा असतो. माझं घोडं तिथंच अडलं होतं. सांगाड्याच्या ज्या आडव्या तुकड्यांवर पट्ट्या बसतात, त्यांतल्या मधल्याचा घेर कागदाच्या पट्टीनं मोजला तर 120 मिलिमीटर, आणि नाळेजवळच्या तुकड्याचा जेमतेम 78. म्हणजे 5 मिलिमीटरच्या 24 पट्ट्या मध्यावर बरोबर बसतात, पण पुढे जाताना प्रत्येकीला तासून सव्वातीन मिलिमीटर करावं लागतं. मी ते मोजमाप केलं सगळं बिघडल्यावर. आधी तशाच पट्ट्या लावत गेलो, त्या पुढे एकमेकींवर चढायला लागल्या, मग दाबून बसवल्या, मग त्यांच्या कडा उचलल्या. आता पहिली पट्टी भिजवायच्या आधी प्रत्येक तुकड्यावर पेन्सिलीनं खुणा करतो. त्या एका संध्याकाळीनं पुढचे दोन महिने वाचतात.

बऱ्याच किटांत पट्ट्यांचे दोन थर असतात. आत लाइमवूडचा जाड थर, वर वॉलनटचा अर्धा-पाऊण मिलिमीटरचा. परतणाऱ्यानं हीच पद्धत निवडावी असं मला वाटतं, कारण पहिला थर चुकला तरी भरून, घासून सारखा करता येतो. फक्त आपल्याकडच्या हवेचा विचार करा. मी ठाण्यात राहतो. जुलैत लाकूड दमट हवेनं फुगलेलं असतं, तेव्हा वरचा थर लावला तर दिवाळीनंतर फटी दिसायला लागतात. पावसाळ्यात मी कप्प्या, डोलकाठी, दोऱ्या अशी कामं काढतो. आणि पट्ट्यांना फेविकॉलच बरा. फेविक्विकनं चटकन चिकटतं खरं, पण वाकडी लागलेली पट्टी मग हलवता येत नाही.

आता नावं सांगतो. मॉडेल शिपवेज या अमेरिकन कंपनीची तीन होड्यांची एक मालिका आहे: लोवेल ग्रँड बँक्स डोरी, मग नॉर्वेजियन सेलिंग प्रॅम, मग मस्काँगस बे लॉबस्टर स्मॅक. पहिली सर्वांत सोपी, तिसरीत पट्ट्यांचं खरं काम. तिन्ही एकदम घेऊ नका, पण डोरी घ्याच. न्यूफाउंडलंडजवळच्या ग्रँड बँक्सवर कॉड पकडायला जाणाऱ्या शिडाच्या जहाजांवर अशा डोऱ्या एकात एक रचून नेत असत. बसायच्या आडव्या फळ्या काढल्या की त्या वाट्यांसारख्या एकीत एक बसत. लोवेल म्हणजे मॅसॅच्युसेट्समधल्या एम्सबरीचं नौकाबांधणीचं दुकान, 1793 पासूनचं, आजही चालू आहे. मॉडेल 1:24 चं, हातभरही नाही. फळ्या लेझरनं कापून येतात. मी माझी डोरी स्वयंपाकघराच्या टेबलावर केली. पहिली फळी गरम पाण्यात भिजवून सांगाड्याला कपड्यांच्या चिमट्यांनी धरून ठेवली, सकाळी चिमटे काढले तर तिनं तो बाक तसाच धरला होता. ती फळी मी किती वेळ हातात घेऊन बसलो होतो!

घ्यायच्या आधी सूचनापुस्तिका वाचा. बऱ्याच कंपन्या ती आपल्या संकेतस्थळावर मोफत ठेवतात. पट्ट्या बसवण्याला किती पानं दिलीत तेवढं बघा. दोन ओळींत उरकलं असेल तर ते किट तुमच्यासाठी नाही.

आणि व्हिक्टरीच मनात बसलेली असेल, तर डोरीनंतर शेरबर्न करा. कॅल्डरक्राफ्ट या कंपनीचं 1:64 चं किट आहे. 1763 मध्ये वूलिचच्या गोदीत बांधलेला, इंग्लंडच्या किनाऱ्यावर चोरट्या मालाच्या मागे लागणारा एका डोलकाठीचा कटर, म्हणजे छोटं चपळ जहाज. त्याचा आराखडा सर थॉमस स्लेडचा, म्हणजे ज्यानं व्हिक्टरीचा केला त्याचाच. नाळ मात्र चांगलीच फुगीर आहे, तेव्हा आधी कागदाची पट्टी घेऊन घेर मोजा.

माझा शेरबर्न आत्ता टेबलावर आहे, डाव्या बाजूला नऊ पट्ट्या झाल्यात. दहावी पाण्यात घालून हे लिहायला बसलो होतो, ती आता काढायला हवी.