नाव तेच, नंबर वेगळा

सोमवारी सव्वानऊला पहिला फोन आला आणि दहाच्या आत बारा झाले. तक्रार एकच: "सर, पासवर्ड टाकला की स्क्रीन काळी होते आणि परत पासवर्ड विचारते." पुण्यातलं डिझाइन ऑफिस, ४६ मशिन. २२ उबुंटू (लिनक्स), १७ विंडोज १०, ७ मॅक. लॉगिन सगळ्यांचं एकाच ॲक्टिव्ह डिरेक्टरीवरून, म्हणजे खाती आणि पासवर्ड सांभाळणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या यंत्रणेवरून. फोन करणारे बाराही उबुंटूवाले होते. विंडोज आणि मॅकवाले निवांत कामाला लागले होते.

त्यात भर म्हणजे तिघांची खाती लॉक झालेली. पासवर्ड चुकतोय असं वाटून त्यांनी जुने पासवर्ड टाकून पाहिले, आणि पाच चुकीनंतर खातं लॉक व्हावं असा आमचा नियम आहे. त्यामुळे पहिली वीस मिनिटं मी पासवर्डच्याच मागे होतो. लॉक काढली, तरी तेच. पासवर्ड चुकला तर उबुंटू तसं सांगतं. इथे स्क्रीन काळी होत होती, म्हणजे पासवर्ड मान्य झाला होता आणि पुढचं सेशन सुरू होताच मरत होतं.

अशा वेळी कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ दाबून साध्या टर्मिनलवर लॉगिन करायचं. तिथे आत गेलो, पण एक ओळ आली: होम डिरेक्टरीत जाता येत नाही, परवानगी नाही. जीनोमला, म्हणजे उबुंटूच्या डेस्कटॉपला, सुरू होताना होममध्ये (त्या माणसाच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये) लिहावं लागतं. ते जमलं नाही की तो काही न बोलता लॉगिनच्या पडद्यावर आणून सोडतो. आमच्याकडे उबुंटूचे होम फोल्डर फाइल सर्व्हरवर आहेत आणि एनएफएसने (नेटवर्कवरून फोल्डर जोडायच्या पद्धतीने) जोडलेले आहेत. हा सर्व्हर शनिवारी बदलला होता. जुन्याच्या डिस्क मरायला टेकल्या होत्या.

सर्व्हरवर फोल्डरची यादी काढली तर प्रत्येक फोल्डरचा मालक बरोबर. नाव जुळतंय, परवानग्या जुळतायत. मग तीच यादी नावांऐवजी आकड्यांत काढली. मालक: १११२७. इकडे उबुंटूच्या मशिनवर त्याच माणसाची आयडी विचारली, तर ११८३६०११२७. दोन्हींचे शेवटचे चार आकडे सारखे, आणि तिथेच उलगडा झाला. डोमेनमधल्या (ॲक्टिव्ह डिरेक्टरीच्या कक्षेतल्या) प्रत्येक खात्याला एसआयडी नावाची लांब ओळख असते; तिच्या शेवटी एक क्रमांक असतो, त्याला आरआयडी म्हणतात. याचा ११२७. लिनक्सला स्वतःचा आकडी यूआयडी (युजर क्रमांक) लागतो, आणि आरआयडीवरून तो बनवायची रीत दोन्हीकडे वेगळी होती.

उबुंटूच्या मशिनवर डोमेनची खाती ओळखायचं काम एसएसएसडी हा प्रोग्रॅम करतो. तो डोमेनच्या एसआयडीचा हॅश (गणिताने निघणारा ठरावीक आकडा) काढून दोन लाख आकड्यांचा एक पट्टा निवडतो आणि त्याच्या सुरुवातीच्या आकड्यात आरआयडी मिळवतो. आमचा पट्टा ११८३६००००० पासून सुरू होतो. सेटिंगला हात लावला नाही तर प्रत्येक मशिनवर हाच आकडा येतो. जुन्या सर्व्हरवरही एसएसएसडीच होता, म्हणून इतकी वर्षं कुणाला काही जाणवलं नाही. नव्या सर्व्हरवर सांबा (विंडोज आणि मॅकला फाइली देणारा प्रोग्रॅम) होता, आणि सांबा ४.८ पासून डोमेनचा सदस्य सर्व्हर चालवायचा तर विनबाइंड हा त्याचा खाती ओळखणारा भाग लागतोच. त्याच्या सेटिंगच्या फाइलमध्ये मी नेहमीच्या नमुन्यातली ओळ ठेवली होती: आरआयडी पद्धत, पट्टा १०००० पासून. म्हणून १११२७.

डेटा आणताना आरसिंक या कॉपी करणाऱ्या प्रोग्रॅमने गोष्ट अजून झाकली. दोन मशिनमध्ये आरसिंक मालकी नावावरून जुळवतो. आकडे जसेच्या तसे हवे असतील तर वेगळा पर्याय द्यावा लागतो. त्याने इमानेइतबारे प्रत्येक फाइल त्याच नावाच्या माणसाला दिली, नव्या नंबरने. एनएफएसच्या साध्या सुरक्षेत मात्र तारेवरून नंबर जातो, नाव नाही. केर्बेरॉसवाला (तिकिटाने ओळख पटवणारा) एनएफएस असता तर नावच गेलं असतं आणि हा सोमवार आलाच नसता. विंडोज आणि मॅक सांबातून येतात, त्यांची ओळख सर्व्हरच पटवतो, म्हणून त्यांचं सुरळीत.

शनिवारी चाचणी केली नव्हती असं नाही. विंडोज लॅपटॉपवरून केली, मॅकवरून केली, उबुंटूवरूनही केली, पण तिथल्या लोकल ॲडमिन खात्याने. त्याचा यूआयडी १०००, दोन्हीकडे सारखाच. पास होणारच होती.

उपाय दोन. डिरेक्टरीत प्रत्येकाला हाताने यूआयडी नंबर भरून सगळ्यांना तोच वाचायला लावायचा. हा जास्त भक्कम, पण २२ मशिनवर एसएसएसडीचा कॅशे (साठवून ठेवलेली माहिती) उडवावा लागतो. दुसरा म्हणजे विनबाइंडचाच पट्टा ११८३६००००० ते ११८३७९९९९९ करायचा. आरआयडी पद्धतीतही पट्ट्याच्या सुरुवातीत आरआयडीच मिळवला जातो, त्यामुळे आकडे आपोआप जुळतात. एका ओळीचा बदल. डोमेन एकच असल्याने मी हा घेतला.

आणि घाई केली. अकरा वाजता ओळ बदलली, विनबाइंडचा कॅशे साफ करून तो पुन्हा सुरू केला, आणि फाइलींची मालकी मागाहून बदलू म्हटलं. दहा मिनिटांत दोन विंडोजवाले आले: "सर, प्रोफाइल लोड झालं नाही म्हणतंय." आधीपासून आत असलेल्यांचं ठीक होतं, पण नव्याने लॉगिन करणारा नव्या नंबरने येत होता आणि त्याच्या रोमिंग प्रोफाइलचा (सर्व्हरवर राहणाऱ्या त्याच्या सेटिंगचा) फोल्डर अजून जुन्या नंबरचा होता. विंडोजला तिथे मालक म्हणून एस-१-२२-१-१११२७ असा कुठलासा युनिक्स युजर दिसत होता. अशा वेळी विंडोज मशिनवरची प्रत वापरतं आणि लॉगऑफला बदल सर्व्हरवर पाठवत नाही. दोघांच्या फाइली हाताने वाचवल्या, ओळ मागे घेतली आणि जेवणाच्या सुट्टीची वाट पाहिली.

एक वाजता सगळ्यांना लॉगऑफ करायला लावून सांबा आणि एनएफएस बंद केले. प्रत्येक माणसासाठी वेगळा शोध घेत बसायची गरज नव्हती, कारण फरक सगळीकडे सारखाच: ११८३५९००००. छोटी पायथन स्क्रिप्ट लिहिली. एकदाच फोल्डरांचं सगळं झाड फिरायचं, मालक किंवा ग्रुपचा आकडा १०००० ते २०९९९९ मध्ये असेल तर हा फरक मिळवायचा. रूट (सिस्टिमचा मुख्य युजर) आणि १००० वगैरे आपोआप सुटतात. स्क्रिप्ट मध्येच थांबली तर पुन्हा चालवता येते, कारण बदललेला आकडा मर्यादेबाहेर गेलेला असतो. लिंकच्या टोकाची फाइल न बदलता लिंकचीच मालकी बदलायची, हे मात्र विसरायचं नाही. नाहीतर कुणाच्या होममधून सिस्टिम फोल्डरकडे जाणारी लिंक असेल तर तिकडची मालकी बदलते. चाळीस मिनिटं लागली.

अडीचला सगळे आत. साडेतीनला शिकाऊ मुलांचा फोन: ड्रॉइंगचा सामायिक फोल्डर उघडत नाही. एसीएलच्या (कुणाला काय परवानगी याच्या जादा यादीच्या) नोंदींमध्येही आकडेच असतात आणि मालकी बदलल्याने ते बदलत नाहीत. त्या नोंदी आकड्यांसह फाइलीत काढल्या, तोच फरक मिळवला, परत भरल्या.

शेवटचा माणूस साडेचारला आला. "मराठीचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड गेला, डॉकही जुनाच दिसतोय." हा सकाळी लॉगिन होईना म्हणून शेजारच्या मशिनवर बसून पाहिलेल्यांपैकी, अजून तिथेच होता. जीनोम आवडीनिवडी डीकॉन्फ या त्याच्या सेटिंगच्या साठ्याच्या बायनरी फाइलीत ठेवतो. ती मेमरीत मॅप करून वाचली जाते आणि एनएफएसवर ते भरवशाचं नसतं, म्हणून होम नेटवर्कवर असेल तर मजकुराच्या फाइलीत ठेवायची सोय आहे. डीकॉन्फच्या प्रोफाइल फाइलीत एक ओळ लागते. आमच्या जुन्या १७ मशिनवर ती होती, नव्या ५ वर राहिली होती. म्हणजे एकाच होममध्ये त्याच्या आवडीनिवडींच्या दोन वह्या, आणि शेजारचं मशिन नव्यांपैकी. त्याच्या स्वतःच्या मशिनवरून सेटिंगचा डंप (मजकुरातली प्रत) काढून ठेवला, पाचही ठिकाणी ती ओळ टाकली आणि त्याला लॉगआउट करून परत यायला सांगितलं. कीबोर्ड दिसला, डॉकही त्याचा. डंप वापरावाही लागला नाही.